मिस्त्रीचं ज्ञान ॲपमध्ये भरा म्हणे!

जुना_सुपरवायझर
काल इथे एका आर्किटेक्टनी लिहिलंय की इमारत दुरुस्तीची सगळी माहिती ॲपमध्ये भरा, म्हणजे कुणी काम सोडून गेलं तरी अडत नाही. वाचून डोकंच फिरलं. नव्या बांधकामात नकाशा आधी, भिंत नंतर. दुरुस्तीत प्लास्टर फोडल्यावर कळतं आत काय आहे, आणि ते कळतं हातोडीवाल्याला. सदाशिव पेठेतल्या एका इमारतीत आमच्या मिस्त्रीने नुसत्या आवाजावरून सांगितलं, बीमचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटलंय. फोडलं तर सळई पेन्सिलीएवढी उरलेली. हा आवाज कुठल्या रकान्यात भरायचा?

कोथरूडकर_सेक्रेटरी
बीमचा नंबर, तारीख, फोटो. आवाज नका भरू! आमचाही मिस्त्री हुशार होता. बाथरूमची पाण्याची लाइन कुठून फिरवली ते फक्त त्याला ठाऊक. तो गावी गेला, दुसऱ्या टोळीने नेमकं तिथेच छिन्नीने फोडलं, खालच्या काकूंच्या घरात रात्रभर पाणी. भुर्दंड सोसायटीला. प्लास्टरआधी एक फोटो काढायला काय जात होतं?

पेठेतला
फोटो कसले घेऊन बसलात? खरं दुखणं सिमेंट आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाणी आमच्या वाड्यात शिरलं. नंतर चुन्याच्या भिंतीला खालून चार फूट सिमेंटचा गिलावा केला. आतली ओल बाहेर पडेना, ती वर चढली. आज त्या पट्ट्याच्या वरच्या विटा बोटाने खरवडल्या तरी भुगा पडतो. चुना किती दिवस भिजवायचा, घाण्यात किती मळायचा, हे जाणणारे गवंडी गेले. १८०७ चा विश्रामबाग वाडा बघा, अजून उभा आहे.

स्ट्रक्चरवाला
त्याच वाड्याचा काही भाग १८७९ मध्ये जळाला आणि पुन्हा बांधावा लागला, तेही सांगा. इथे विषय आरसीसीचा, म्हणजे आत सळया घातलेल्या काँक्रीटचा आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना घट्ट होतो, पण तोच वायू काँक्रीटमध्ये मुरला की सळईचं गंजापासून रक्षण करणारी अल्कली संपते. गंज फुगतो, कव्हर फुटतं. तिथे चुना थापणार का?

पेठेतला
कॉलमला चुना लावा असं मी कुठे म्हटलं? आधी नीट वाचा! तुमच्यासारख्यांनीच आमच्या भिंतीला सिमेंट फासायचा सल्ला दिला होता.

स्ट्रक्चरवाला
१९६१ ला मी जन्मलोही नव्हतो. पण तुमच्या भिंतीला सिमेंट नको होतं, हे मान्य.

कोथरूडकर_सेक्रेटरी
अहो, हेच तर! भिंत चुन्याची आहे हे कुठे लिहिलेलं असतं तर गिलावा करणारा थांबला असता. आमची इमारत ३० वर्षांची झाली, इमारतीची मजबुती तपासणाऱ्या ऑडिटवाल्यांनी जुने नकाशे मागितले. तीन कमिट्या बदलल्यात, एकाकडेही नाहीत. गेल्या दुरुस्तीचे फोटो कुणाच्या तरी जुन्या मोबाइलसोबत गेले.

जुना_सुपरवायझर
बरं, फोटोचं पटलं. बीमवर खडूने नंबर टाकून काढू. पण ॲपमध्ये टायपिंग करायला मिस्त्रीला बसवू नका. संध्याकाळी हत्यारं धुऊन झाली की त्याला बोलू द्या, पोराने रेकॉर्ड करावं. आमचा मिस्त्री मराठी-कानडी मिसळून बोलतो, तसंच राहू दे. आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी टेंडरमध्ये धरा. सेक्रेटरीसाहेब, तुमच्या कमिटीत मंजूर होईल का?

कोथरूडकर_सेक्रेटरी
रविवारच्या मीटिंगला मांडतो. काकूंना बोलवून घेतो, त्या बोलल्या की विरोध करणारे गप्प बसतात.