अनुभव धागा: आपल्या चर्चमंडळीतली गेलेली माणसं आणि त्यांची कामं

नोव्हेंबर जवळ आला. स्मरणाच्या उपासनेत वर्षभरात प्रभूकडे गेलेल्यांची यादी वाचली जाईल. नाव, वय, तारीख, की लगेच पुढचं नाव. मागच्या बाकावरची पोरं विचारतात, "हे कोण रे?" आणि शेजारचा खांदे उडवतो. म्हणून हा धागा काढला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गोकाक, कुठल्याही गावचे असा, कुठल्याही पंथाचे असा, लिहा.

एकच अट आहे. "श्रद्धाळू, प्रेमळ, मनमिळाऊ" ही विशेषणं सगळ्यांना आधीच देऊन टाकली असं धरा. त्यापुढचं सांगा. बायबलमधली यापोची दुर्कस वारली तेव्हा विधवा बायका प्रेषित पेत्रापुढे तिच्या स्वभावाचं वर्णन करत बसल्या नाहीत. तिनं शिवलेले अंगरखे त्यांनी पुढे धरले. तसं काहीतरी पुढे धरा. माणसांची नावं मात्र नकोत, घरच्यांना आपण विचारलेलं नसतं.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 साली सुरू झालं आणि 1904 मध्ये ते मेथॉडिस्टांकडे आलं. त्या काळातल्या मिशनरी साहेबांना आपण विसरलेलो नाही. बेनन स्मिथ शाळेची पाटी आपण रोज वाचतो. पण घंटा कोण वाजवायचं, सतरंज्या कोण झटकायचं, हे कुठल्याच पाटीवर नाही. मला ते हवंय.

सुरुवात माझ्यापासून करतो. आमच्याकडे प्रभुभोजनाची तयारी एक आजी करायच्या. आम्हा मेथॉडिस्टांत वाईन नाही, द्राक्षरस लागतो, आणि द्राक्षं तर बाजारात उन्हाळ्याच्या तोंडालाच. बाकी वर्षभर काळ्या मनुका. शुक्रवारी रात्री धुऊन भिजत घालायच्या, शनिवारी त्याच पाण्यात उकळायच्या, हातानं कुस्करायच्या आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायच्या. साखर अजिबात नाही. एकदा एका नव्या सूनबाईनं मदत म्हणून मूठभर घातली, तर आजी म्हणाल्या, "हे सरबत झालं गं, घेऊन जा, पोरांना पाज." पावाच्या कडा काढून बोटाच्या पेराएवढ्या फोडी करायच्या. त्या कडा संडे स्कूलच्या पोरांच्या. आम्ही त्यासाठी शनिवारी संध्याकाळी उगीच त्यांच्या दारात घोटाळायचो. काचेचे ते इवलेसे पेले धुताना मोजायच्या, भरताना परत मोजायच्या. एखादा कमी पडला तर वेदीजवळ उभ्या पाळकसाहेबांनाही हात करून थांबवायच्या.

त्या गेल्या, त्यानंतरच्या महिन्यात रस बाटलीतला आला. गोड होता. कुणी काही बोललं नाही, खरं तोंडं सगळ्यांची वाकडी झाली होती.

काळी चार

आमचे पेटीमास्तर शहापूरला यंत्रमागावर कामाला होते. जन्मभर त्या खडखडाटात राहून डावा कान गेलेला. म्हणून पेटीवर बसताना उजवा कान मंडळीकडे करून तिरके बसायचे. नवीन पाळक आले की त्यांना वाटायचं, हे गृहस्थ रुसलेत. मराठी उपासना संपली की लोक बाहेर पडायचे, मास्तर तिथंच. मागून कन्नड उपासना असायची ना. तिकडचा गायकवर्ग येईपर्यंत एक पान खाऊन घ्यायचे आणि पुन्हा भाता सुरू.

नोटेशनचा कागद त्यांनी कधी बघितला नसेल. नारायण वामन टिळकांची भजनं त्यांना चालींसकट पाठ, आणि चाल बदललेली खपायची नाही. तरुण संघातल्या पोरांनी एकदा एक भजन सिनेमाच्या चालीवर धरलं. मास्तरांनी दुसऱ्या ओळीला भाता धरून ठेवला. सूर बंद. पोरं आपली तशीच गात राहिली, एकेक करत गप्प झाली. मग मास्तरांनी जुन्या चालीचा पहिला सूर दिला, जसं काही झालंच नाही. (कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म. मास्तरांना हे सांगायला फार आवडायचं. जणू त्यांच्यात यांचाही थोडा वाटा होता.)

पेटीची एक पट्टी खाली बसली की वर येत नसे. तिच्याखाली त्यांनी पोस्टकार्डाचा तुकडा दुमडून घातला होता. पावसाळ्यात तो फुगायचा, मग जून-जुलैत नवा तुकडा कापायचे. प्रत्येक मयतीला पेटी सायकलच्या कॅरिअरवर सुतळीनं बांधून कबरस्तानात. पावसातसुद्धा, वर गोणपाट टाकून.

त्यांच्या स्वतःच्या मयतीला वाजवणारं कुणी नव्हतं. आम्ही नुसत्या तोंडानं सुरुवात केली आणि पट्टी फार वर धरली. दुसऱ्या कडव्याला बायकांचा आवाज पोचेना. मास्तर असते तर काळी चारच्या पट्टीवरून हलू दिलं नसतं.

निपाणीची माहेरवाशीण

आईच्या वेळच्या बायबलबाईंबद्दल, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या बाईंबद्दल लिहिते. गल्लीतल्या निम्म्या बायका तंबाखूच्या वखारीत, निम्म्या घरी विड्या वळणाऱ्या. बाई दुपारी यायच्या, कारण सकाळी कुणाला मान वर करायला सवड नसायची. वाचन करून झालं की पुस्तक पिशवीत आणि सूप मांडीवर. वाचन थोडंच, विड्या पुष्कळ. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपून दोरा गुंडाळायचा. बोलता बोलता कट्टा बांधून व्हायचा आणि तो त्या घरच्या बाईच्या हिशेबात जायचा. "आयतं ऐकवायला येत नाही गं मी," म्हणायच्या.

वळलेल्या विड्या कारखानदाराकडे घालायला जायच्या दिवशी त्यांना मुद्दाम बोलवायचे. तिथला माणूस खराब म्हणून विड्या बाजूला काढायचा आणि आकडे भराभर बोलायचा. बाई शेजारी उभ्या राहून मोठ्यानं मोजायच्या. एवढंच. भांडण नाही, वाद नाही. त्यांनी मोजलं की त्याचा हात जरा हळू चालायचा. गल्लीतल्या कितीतरी जणी सही करायला त्यांच्याकडूनच शिकल्या, पाटी म्हणून विडीचंच सूप, पेन्सिल म्हणून खडू.

कुणाचं बाळंतपण अवघडलं, कुणाला गाठ आली, की आमच्याकडे एकच शब्द, "मिरजेला न्या." डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये काढलेला तो मिशन दवाखाना. बाई सोबत जायच्या, व्हरांड्यात पथारी टाकून राहायच्या. कुठल्या खिडकीत केसपेपर, कुठल्या नळाचं पाणी प्यायचं, कुठला डॉक्टर ओरडतो खरं चांगला आहे, हे सगळं त्यांना ठाऊक.

आमच्या गल्लीत त्यांच्यामुळे बाप्तिस्मा किती जणींनी घेतला? एकीनंही नाही. वर्षाच्या अहवालात त्यांच्या नावापुढे काय लिहीत असतील, देव जाणे. मयतीला मात्र शवपेटीच्या मागं चर्चच्या माणसांपेक्षा गल्लीच्या बायका जास्त होत्या, मराठ्यांच्या, मुसलमानांच्या, सगळ्या. त्या दिवशी वखारीतला खाडा सगळ्यांनी पत्करला.

टिळकवाडीचा

थोडक्यात लिहितो. 1 नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे सर्व संतांचा दिवस. 1956 पासून तीच तारीख कर्नाटक राज्योत्सवाची, आणि बेळगाव महाराष्ट्रात आलं नाही म्हणून मराठी माणसाच्या काळ्या दिवसाचीही. एकीकडे मिरवणूक, दुसरीकडे फेरी, रिक्षा बंद, रस्त्यांवर पोलीस. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे त्याच दिवशी चुन्याची बादली आणि कोयता घेऊन चालत कबरस्तानात जायचे, कारण दुसऱ्या दिवशी, मृतांच्या स्मरणाला, लोक येणार. मराठी अक्षरांच्या कबरी, कन्नड अक्षरांच्या कबरी, गोऱ्या शिपायांच्या जुन्या इंग्रजी कबरी, ओळीनं सगळ्यांचं गवत काढायचे. एकदा वाटेत कुणीतरी अडवून विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या बाजूचे?" ते म्हणाले, "गवत काढायचंय बाबा, जाऊ दे की."

खानापूरकडचा नातू

आम्ही कॅथलिक. घरात कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड. 1953 साली बेळगाव धर्मप्रांत झाला तेव्हा आमची आजी नुकतीच लग्न होऊन आली होती. तिला लिहिता-वाचता यायचं नाही, खरं अख्खी लदीन (गाऊन म्हणायची प्रार्थना) तोंडपाठ. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लदीन असली की सुरुवात तीच करायची आणि शेवटी उकडलेले चणे वाटायचीही तीच. आम्हा पोरांची भक्ती चण्यांपुरती, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून ती चण्याचा टोप शेवटच्या प्रार्थनेपर्यंत पदराखाली झाकून ठेवायची.

वर्षभर देवळात जळून उरलेल्या मेणबत्त्यांची थोटकं ती बोर्नव्हिटाच्या डब्यात साठवायची. 2 नोव्हेंबरला मिस्सा झाला, फादर तीर्थ शिंपडून पुढे गेले, की घरच्यांच्या कबरींवर नव्या मेणबत्त्या आणि ती थोटकं ज्यांचं कुणी उरलेलं नाही त्यांच्यासाठी. गोव्याला, मुंबईला, गल्फला गेलेल्या घरांची माणसं. वाऱ्यानं थोटूक विझायचं, ती परत लावायची. मी कंटाळून म्हणायचो, "आजी, चल की आता." तर ती त्या त्या कबरीतल्या माणसाची कुळकथाच सांगायला लागायची. ह्याची म्हैस कुणी चोरली, हिला कुठल्या जावेनं छळलं. पुण्यस्मरण थोडं आणि चहाड्या फार! पण त्यामुळे मला आजही तिथलं निम्मं गाव पाठ आहे.

कॅम्पातली नर्स

चुन्याच्या बादलीवरून आठवलं. आमच्याकडे एक सुतारकाका होते. दारंखिडक्यांची कामं करायचे, पण घराच्या माळ्यावर शवपेटीच्या फळ्या कायम तयार. अडीअडचणीला रात्री दार वाजवलं तरी आधी विचारायचे, "उंची किती?" सकाळपर्यंत पेटी उभी, वरून काळं कापड, पांढऱ्या फितीचा क्रूस बारीक खिळ्यांनी ठोकलेला. लाकडाचे पैसे घ्यायचे, मजुरी नाही. लहान मुलाची पेटी असली तर लाकडाचेही नाहीत, आणि त्या दिवशी दुसरं काम हातात धरायचे नाहीत.

2020 साली करोनामुळे मयतीला 20 माणसांची मर्यादा आली. ते स्वतः म्हातारे, दम्याचे. मुलांनी बाहेर पडू दिलं नाही. तरी परसात बसून रंधा मारत राहिले, पेटी भिंतीवरून पलीकडे द्यायचे. आम्ही दवाखान्यातून फोन करून फक्त उंची सांगायचो. नाव विचारायचं त्यांनी त्या वर्षी सोडून दिलं होतं.

ते गेले तेव्हा घरच्यांनी शहरातून तयार पेटी आणली, स्टीलच्या कड्यांची, पॉलिश मारलेली. चांगली होती की. नाकं मुरडणाऱ्यांना मी तेव्हाही सांगितलं आणि आता पण सांगते, ज्या घरात माणूस गेलाय त्या घरानं फळ्या कुठून शोधायच्या?

धागा काढणारा

सगळ्यांचे आभार. एक मात्र बोलतो, सगळेच इतके गोड निघाले की मला जरा शंका यायला लागलीय. मंडळीत कुणी तिरसट नव्हतंच काय? की तिरसट माणसं मरत नाहीत?

जमाखर्च

मरतात की. हे घ्या आमचे खजिनदार.

सैन्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. प्रवचन लांबलं की उठून मधल्या रांगेचा पंखा बंद करायचे. वीजबिल मंडळी भरते, पाळक नाही, हे सगळ्यांना कळावं म्हणून. अर्पणाच्या थैलीत फाटकी नोट निघाली तर पुढच्या रविवारी ती उंच धरून दाखवायचे आणि म्हणायचे, "देवाच्या घरात हे चालत नाही, बँकेत तर नाहीच नाही." पीकसणाच्या लिलावात लोक हौसेनं बोली चढवायचे, एका भोपळ्याला भलतीच किंमत यायची, आणि पैसे द्यायची वेळ आली की गायब. हे सोमवारी सकाळी वही घेऊन दारात. एकाच्या साखरपुड्यात जाऊन सगळ्यांदेखत भोपळ्याचे पैसे मागितलेत. मीच तो. सासरा हसला म्हणून निभावलं.

बहिणीच्या लग्नाला मंडळीच्या खुर्च्या मागितल्या, तर नाही म्हणाले. चर्चच्या खुर्च्या चर्चबाहेर जाणार नाहीत, असा ठराव त्यांनीच करून घेतलेला. माझे वडील मंडळीचे सेक्रेटरी होते तरी नाही. आई दोन नाताळ त्यांच्या घरी फराळाचं ताट पाठवत नव्हती. त्यांच्याकडून मात्र आमच्याकडे करंज्या येत होत्या, वर चिठ्ठी, "ताट परत करणे."

त्यांच्यानंतर वह्या माझ्याकडे आल्या. निळ्या शाईत, एक खाडाखोड नाही. आत एक वेगळं पान होतं, "दुरुस्ती निधी" म्हणून. दर महिन्याला रक्कम जमा, देणाऱ्याच्या जागी रेघ. जुन्या खजिनदारांच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "बाबांच्या पेन्शनीतून दर महिन्याला काही पैसे कमी यायचे. आई विचारून विचारून दमली." कौलं बदलली, पंखे आले, गळती थांबली, ते सगळं त्या रेघेतून.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग खुर्च्या द्यायला काय झालं होतं?"

तिचंही खरं आहे. आता खजिनदार मी आहे, गेल्याच महिन्यात एकानं मुंजीच्या... सॉरी, बारशाच्या कार्यक्रमाला खुर्च्या मागितल्या. ठराव दाखवला. तो चिडून गेलाय.