मदत हवी आहे: जुनी सेडान दान करायची आहे (जरा लवकर सांगा)

घाईत_मी
नमस्कार मंडळी. आमची २००४ ची ब्यूइक लसेबर आहे, मोठी सेडान. गाडी चालू आहे. एखाद्या धर्मादाय संस्थेला देऊन टाकायची आहे आणि टॅक्समध्ये वजावट घ्यायची आहे. केली ब्लू बुक या जुन्या गाड्यांच्या किमतीच्या साइटवर २,१०० डॉलर दाखवतात, तेवढे धरता येतील ना? दोन संस्थांना फोन केले. एक म्हणाली कागद नीट नाहीत, दुसरीनं होल्डवर ठेवून अर्धा तास सतारीसारखं काहीतरी ऐकवलं. ३० तारखेच्या आत गाडी हलवायची आहे. "विकत का नाही?" हे कृपया विचारू नका.

मीनल_ओहायो
राज्य कुठलं? टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, कोणाच्या नावावर? "कागद नीट नाहीत" म्हणजे नेमकं काय म्हणाले? आमच्याकडे ओहायोत टायटलवरची सही नोटरीसमोर करावी लागते. मी हौसेनं घरी जेवणाच्या टेबलावर करून बसले आणि डुप्लिकेट टायटल काढायची वेळ आली. म्हणून विचारतेय.

जुनं_ते_सोनं
लसेबर! ३८०० व्ही-६ इंजिन! दान कसली करताय, चालवा अजून. पुढे सलग बाक आहे का तुमच्याकडे? गिअरचा दांडा स्टिअरिंगला? आमचे आईवडील आले की सहाजण एका गाडीत मावायचो, मधे बसणाऱ्याच्या मांडीवर डबा. २००५ ला बंद केली ही गाडी. आता सगळ्यांना उंटासारख्या उंच एसयूव्हीत बसायचंय.

खडूस
विकत का नाही?

घाईत_मी
न्यू जर्सी. टायटल माझ्याच नावावर, माझ्याच हातात आहे. ओहायोचं मला काय करायचंय? वजावटीचं कोणीच बोललं नाही.

हिशेबी
मी बोलतो, आवडणार नाही. ब्लू बुक विसरा. २००५ पासून नियम असा की ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची तर संस्थेनं गाडी जितक्याला विकली तितकीच मिळते. बहुतेक गाड्या थेट लिलावात जातात. तिथे ९०० आले तर ९००. विक्रीनंतर ३० दिवसांत संस्था तुम्हाला १०९८-सी फॉर्म देते, तो रिटर्नला जोडायचा, सोबत ८२८३ फॉर्म. गाडी ५०० किंवा त्याहून कमीत गेली तर बाजारभाव किंवा ५०० यांतलं जे कमी ते. संस्थेनं गाडी स्वतःच्या कामाला बराच काळ वापरली, चांगली दुरुस्त केली किंवा गरजू माणसाला फुकट वा अगदी स्वस्तात दिली, तरच बाजारभाव धरता येतो.

आणि मुळात तुम्ही आयटमाइझ करता का, म्हणजे एकेक वजावट वेगळी मांडता का? घर स्वतःचं आहे का?

घाईत_मी
भाड्याचं अपार्टमेंट. म्हणून तर पार्किंग सोडायचंय. आयटमाइझ म्हणजे तो शेड्यूल ए फॉर्म ना? सॉफ्टवेअर जे करतं ते करतं.

हिशेबी
मग सॉफ्टवेअर स्टँडर्ड डिडक्शनच, म्हणजे सगळ्यांना मिळणारी ठरावीक वजावट, घेत असणार. २०२६ ला नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नला ते ३२,२०० आहे. गाडीचे हजारभर डॉलर त्यात बुडून जातात, हातात शून्य. गंमत म्हणजे याच वर्षापासून आयटमाइझ न करणाऱ्यांनाही दानाची वजावट सुरू झालीये, एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० पर्यंत, पण फक्त रोख दानाची. गाडी त्यात बसत नाही.

खडूस
म्हणूनच विचारलं, विकत का नाही. गाडी विका, त्याच पैशाचा चेक संस्थेला द्या. मधल्या दलालाचा वाटाही वाचेल. ते रेडिओवर गाणी लावून गाड्या मागतात ना, तिथे गाडी ओढून नेण्याचा (टोइंगचा) खर्च आणि दलालाचा हिस्सा जाऊन उरतं ते संस्थेला.

प्राची_के
असं सरसकट नको. मी आमच्या पब्लिक रेडिओ स्टेशनला दिली होती. शनिवारी टोवाला आला, वीस मिनिटांत काम. वजावट मलाही नव्हती, तरी एका पैचा पश्चात्ताप नाही. वीस वर्षांची सेडान विकायची म्हणजे काय ते माहितीये का? रात्री अकराला मेसेज, "लास्ट प्राइस?" मेरीलँडची 'व्हेइकल्स फॉर चेंज' गाड्या दुरुस्त करून गरजू कुटुंबांना देते. अर्थात तिथेही प्रत्येक गाडी कुटुंबाकडे जात नाही, काही लिलावातच जातात. आधी विचारून घ्या. कुठल्याही संस्थेचं नाव आयआरएसच्या (कर खात्याच्या) करमुक्त संस्थांच्या शोधपानावर बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

रिकामटेकडा
कोणी भारतात न्यायचा विचार करत असेल तर सांगतो: जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. वर ड्यूटी.

खडूस
कोणी विचारलं?

रिकामटेकडा
उद्या कोणी विचारेल.

मीनल_ओहायो
घाईत_मी, कागदांचं अजून सांगितलं नाहीत. संस्थेचे शब्द काय होते?

घाईत_मी
"लीन दिसतंय" म्हणाले, म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा. पण कर्ज मी २००९ लाच फेडलंय! टायटलवर बँकेचं नाव छापलेलं आहे इतकंच. तेव्हा टायटलसोबत एक चिठ्ठी आली होती, ती आता कोण शोधणार. आणि ती बँक आता नाहीच, पाटीसुद्धा उतरली.

मीनल_ओहायो
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! तुमचं घोडं इथेच अडलंय. बाकी सगळा धागा व्यर्थ.

जर्सीकर_काका
चिठ्ठी म्हणजेच लीन रिलीज, बोजा उतरल्याचा दाखला. बँक गेली तरी तिची कागदपत्रं कोणाकडे तरी गेलेली असतात. एफडीआयसी, म्हणजे बँकठेवींचा विमा उतरवणारी सरकारी संस्था, तिच्या बँकफाइंड पानावर जुन्या बँकेचं नाव टाका, ती कोणात विलीन झाली ते दिसेल. त्या बँकेच्या 'पेड ऑफ लोन' विभागाला फोन लावा. शाखेत जाऊ नका, तिथल्या मुलांना २००९ चं काही माहीत नसतं. हाताशी व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) ठेवा, १७ अक्षरं-आकडे, पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात खाली. पत्र लेटरहेडवर, सहीनिशी मागा. बँक विलीन न होता बुडाली असेल तर एफडीआयसीलाच अर्ज करता येतो.

आणि बाळा, टायटलवर खरेदीदाराची जागा कोरी ठेवून कोणाच्या हातात देऊ नकोस. नंबराच्या पाट्या काढून घे, एमव्हीसीत (जर्सीच्या वाहन खात्यात) जमा कर, पावती घे, त्यानंतरच इन्शुरन्स बंद कर. उलट केलंस तर पत्रं येत राहतात. काचेवरचा टोलचा टॅग, ई-झेडपासही काढ.

कॅलीकर
पाट्या गाडीवरच राहतात. आम्ही पाच दिवसांत डीएमव्हीला (आमच्या वाहन खात्याला) कळवतो, झालं.

जर्सीकर_काका
कॅलिफोर्नियात राहत असतील. तो जर्सीत आहे.

घाईत_मी
काका, धन्यवाद. बँक सापडली, दोनदा नाव बदललंय. पत्र आठवड्याभरात देतो म्हणाले. संस्था पत्र आलं की गाडी घेईल, पण आता त्यांचेच प्रश्न: सुरू होते का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का, काही गळतंय का.

प्राची_के
धर्माची गाय आणि दात का नाय! आता तेच दात मोजतायत. पण गळतंय का?

घाईत_मी
नोव्हेंबरपासून फारशी चालवलेली नाही. खाली नारिंगी पाण्याचं डबकं असतं. थोडंसं.

जुनं_ते_सोनं
"गाडी चालू आहे" म्हणे! ते कूलंट आहे, इंजिन थंड ठेवणारं. अल्टरनेटरच्या कंसाजवळ प्लास्टिकची दोन एल्बो (वाकड्या नळ्या) असतात, वीस वर्षांत ठिसूळ होणारच. बोटानं दाबलं तर बिस्किटासारखा तुकडा हातात येतो. बदलायला दुपार पुरते. बदला आणि चालवा!

खडूस
तो गाडी देतोय, तुम्ही त्याला मेकॅनिक बनवताय.

घाईत_मी
दुरुस्ती नाही. संस्थेला खरं सांगितलं, ते म्हणाले चालेल, टो करूनच नेणार. पत्र आलं. शनिवारी टो. आता मागच्या पाटीचा एक स्क्रू नुसता गोल फिरतोय, बाहेर येत नाही. कोणी सांगेल का?

जुनं_ते_सोनं
मागची प्लास्टिकची खुंटी सुटलीये, स्क्रूबरोबर तीही फिरतेय. पाटीच्या मागे चपटा स्क्रूड्रायव्हर सरकवा, पाटी आपल्याकडे ओढून धरा आणि दुसऱ्या हातानं उलटं फिरवा. नाहीच आला तर पक्कडीनं डोकं धरून खुंटीसकट उपटा. गाडी जातेच आहे.

हिशेबी
टोवाल्याकडून पावती घ्या. ९०० गृहीत धरू नका.

घाईत_मी
खुंटीसकट आली. दोन्ही पाट्या घरात, पावती खिशात, गाडी गेली. जागा मोकळी दिसतेय, नारिंगी डाग तेवढा राहिलाय. सगळ्यांचे आभार.

काका, एक विचारायचं होतं. ई-झेडपास काचेवरच राहिला.

जर्सीकर_काका
आधी अकाउंटमध्ये जाऊन तो टॅग बंद कर. धागा नंतर वाच.