अनुभव धागा: खेकड्यांच्या पिंजऱ्यातले आमिष अधिक काळ कसे टिकवता?

मांडवीकाठ
गोव्याच्या नद्यांत पिंजरे लावणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: संध्याकाळी बांधलेले आमिष पहाटे उरलेले नसते आणि आत कुर्लीही (मोठा खेकडा) नसते. कुर्लीनेच ते खाल्ले असते तर हरकत नव्हती, पण ते केंड आणि शेंगाळ्याची पिल्ले यांसारखे मासे, कोलंबी आणि अगदी लहान खेकडे यांनी फस्त केलेले असते. मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या आसपास तापलेले असताना उरलेसुरले मांस कुजून गळते ते निराळेच. आपण यावर प्रत्यक्षात काय करता, ते सविस्तर लिहावे. ‘आमिष ताजे घ्या’ एवढेच सांगून थांबू नये, कारण ताजी तारलीच सर्वांत आधी विरघळते, हे आपण सारे जाणतो.

खाजणातला
मी चोडणच्या बाजूला कांदळवनालगत पिंजरे लावतो. मांस टिकवणे आणि वास पसरू देणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, असे माझे मत आहे. रात्रीच्या गढूळ पाण्यात कुर्ली आमिष पाहून येत नाही. मांसातून झिरपणारी द्रव्ये आपल्या लहान स्पर्शिकांनी ओळखत ती प्रवाहाच्या उलट दिशेने चालत येते, त्यामुळे तिला बोलावण्यासाठी मांस तिच्या तोंडी लागण्याची गरज नसते. म्हणून मी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीला तापलेल्या सळईने सर्व बाजूंनी भोके पाडतो आणि आमिष तिच्यात भरतो. भोके मोजकी आणि फार बारीक ठेवली तर आत पाणी खेळत नाही, मांस जागच्या जागी सडते आणि बाहेर काहीच पोहोचत नाही. फार मोठी ठेवली तर कोलंबी आत शिरते. बरणी पिंजऱ्याच्या छतापासून मधोमध टांगावी. जाळीला टेकलेले आमिष बाहेरचा खेकडा बाहेरूनच कुरतडून नेतो आणि आत यायचे कष्टच घेत नाही.

सासष्टीची सून
खाजणातला दादांची बरणी आम्हीही वापरतो, पण आत काय घालायचे याला आमच्या घरी अधिक महत्त्व आहे. आम्ही साळ नदीच्या काठी राहतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, त्या काळात कुटबणच्या जेटीवर स्वस्त तारली मिळत नाही, म्हणून सासरे मे महिन्यातच आमिष मिठात घालून ठेवतात. मासळी चिरून, तीन-चार भाग मासळीला एक भाग जाडे मीठ या प्रमाणात बादलीत थर लावायचे आणि वर दगड ठेवायचा. मीठ मांसातले पाणी ओढून घेते, त्यामुळे मांस चिवट होते आणि केंडाच्या दातांनाही लवकर दाद देत नाही. उणीव एवढीच, की खारवलेल्या मासळीचा वास सुरुवातीला मंद सुटतो. पिंजरा सोडण्यापूर्वी तिला आडव्या खोल चिरा दिल्या की फरक पडतो.

शापोरा
कोंबडीचे पाय. स्वस्त, चिवट, आणि लहान मासे त्यांचे फारसे काही करू शकत नाहीत. वास मात्र तारलीइतका नाही.

तेरेखोल
मला या साऱ्या खटाटोपाबद्दलच शंका आहे. भरती आणि सुकती (ओहोटी) यांत साधारण सहा तासांचे अंतर असते. पाणी फिरले की पिंजरा उचलावा, कुर्ली काढावी, नवे आमिष बांधावे. रात्रभर पिंजरा ठेवला, तर उघडे आमिष आत शिरलेली पहिलीच कुर्ली संपवून टाकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ इतकी असते की उघडे आमिष झपाट्याने धुऊन निघते. अष्टमीच्या भांगात, म्हणजे पाण्याची ओढ कमी असते तेव्हा, ते टिकते, पण वास दूर जात नाही.

खाजणातला
तेरेखोलभाऊ, पहिल्या कुर्लीने आमिष संपवू नये, म्हणूनच तर बरणी आहे. शिवाय दर भरतीला होडी काढणे नोकरी करणाऱ्यांना जमत नाही.

मानशीजवळ
मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी पाण्याला जो जोर असतो, त्यात बरणीही हेलकावत राहते आणि आतले मांस घासून भुगा होते. तिथे बरणीऐवजी कांद्याच्या जाळीदार पिशवीचे दोन पदर मला अधिक उपयोगी वाटले. पिशवी मांसाला घट्ट आवळून धरते. पाणमांजर आले, तर मात्र पिशवी, बरणी आणि पिंजरा सारेच सारखे.

मांडवीकाठ
शीतकपाटात गोठवलेल्या मासळीचा अनुभव कोणाला आहे का?

सासष्टीची सून
आहे, आणि तो चांगला नाही. गोठताना बर्फाच्या कणांनी मांसाच्या पेशी फुटतात, त्यामुळे पाण्यात सुटल्यावर ते ताज्यापेक्षाही लवकर लिबलिबीत होते. गोठवायचेच असेल तर आधी मीठ लावून, पाणी निथळून मग गोठवावे.

खाजणातला
मी हल्ली दोन्ही वापरतो: ताज्या तारलीचा एक तुकडा उघडा बांधतो, तो लगेच वास सोडतो, आणि बरणीत खारवलेले शेंगाळ्याचे डोके ठेवतो, ते पहाटेपर्यंत पुरते. ताई, बरणीत उरलेले डोके धुऊन पुन्हा मिठात घातले तर चालते का?

सासष्टीची सून
टिकते, पण चालत नाही. पाण्यात रात्र काढलेल्या मांसातला वास बहुतेक निघून गेलेला असतो. मीठ फक्त उरलेला चोथा जपते. ते डोके नव्या तारलीबरोबर भरीला घालावे, एकटे कधीही घालू नये.