क्युबन सिगारवरची बंदी आणि माझा भाचा

एडिसनचे मामा
आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो. भाचा मित्रांबरोबर मेक्सिकोत, कानकूनला जाऊन आला. वय 24, पहिली नोकरी, हातात पहिले पैसे. तिथे समुद्रकिनाऱ्यावर कुणाकडून तरी त्याने कोहीबा या नामांकित क्युबन छापाच्या सिगारची पेटी घेतली, 25ची. परत येताना इथल्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी विचारलं, क्युबाच्या आहेत का? हा गडी छाती काढून म्हणाला, हो, अस्सल. पेटी गेली. मग मला फोन. मामा, हा कसला कायदा? आणि दुसरं, सिगार ओढायला शिकायची तर सुरुवात कुठून करू? (मी महिन्याकाठी एखादी ओढतो हे त्याला कुठून कळलं देव जाणे. ताईला अजून माहीत नाही, तेव्हा ओळखीच्यांनी कृपया तोंड आवरावं.)

कायद्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: निव्वळ पोरखेळ. केनेडींनी फेब्रुवारी 1962मध्ये क्युबाशी व्यापार बंद केला. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना हजारभर क्युबन सिगारी गोळा करायला पिटाळलं. सकाळी 1200 मिळाल्याचं कळल्यावर खणातून कागद काढला आणि सही ठोकली. ही गोष्ट स्वतः सॅलिंजरनीच पुढे सांगितली आहे. ओबामांनी 2014च्या डिसेंबरात प्रवाशांना शंभर डॉलरपर्यंतचा माल आणायची सूट जाहीर केली, ऑक्टोबर 2016मध्ये स्वतःपुरत्या मालावरची ती मर्यादाही काढली. ट्रंप सरकारने सप्टेंबर 2020मध्ये पुन्हा कडी घातली. म्हणजे हीच पेटी 2018मध्ये आणली असती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. आजही कानकूनच्या हॉटेलात बसून ओढली तर चालते, उरलेली बॅगेत टाकली की गुन्हा! कॅनडा, स्पेन, चीन, सगळे खुशाल घेतात. हवानाचं यात काही अडलेलं नाही. नुकसान कुणाचं, तर एडिसनच्या भाच्याचं.

शिकवणीबद्दल त्याला एवढं सांगितलं: आधी पोटभर जेव. जाडजूड, काळपट दिसणारी घेऊ नकोस. बारीक, आखूड आणि फिक्या पानाची घे. टोपीचा, म्हणजे सिगारच्या बंद टोकाचा, अगदी टोकाचा भाग काप, खाली गेलास तर पान उलगडत जातं. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. धूर तोंडातल्या तोंडात फिरवून सोडायचा, छातीत न्यायचा नाही. डोकं गरगरलं तर ठेवून दे आणि साखर खा. यात कुणाला भर घालायची असेल तर घाला.

हिशेबनीस
मामा, केनेडींची गोष्ट मजेची आहे, पण सोयीचा अर्धा भागच सांगताय. सप्टेंबर 1960मध्ये कॅस्ट्रो सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. मालकांना दमडी मिळाली नाही. पार्तागासवाले सिफुएन्तेस, माँटेक्रिस्टोवाले मेनेन्देझ, पिढ्यान् पिढ्यांचं नाव मागे टाकून देश सोडून गेले. तुमच्या भाच्याला हवी होती ती पेटी त्याच व्यवस्थेचा माल.

माझ्या कंपनीत एक सहकारी आहे, युनियन सिटीचा. तुमच्यापासून तासाभरावर, एकेकाळी क्युबन लोकांची मोठी वस्ती असलेलं गाव. त्याच्या आजोबांचं चपला शिवायचं दुकान होतं. 1968मध्ये छोटी दुकानंसुद्धा सरकारजमा केली, तेव्हा तेही गेलं. दुकान म्हणजे काय, एक बाकडं आणि दोन ठोकळे. तो ठोकळा अजून यांच्या घरी टीव्हीशेजारी ठेवलेला आहे, मी पाहिलाय. एकदा ऑफिसच्या पार्टीत कुणी क्युबन सिगार पुढे केली, तर हा काही न बोलता उठून गेला. ‘पोरखेळ’ हा शब्द त्याच्यासमोर म्हणून दाखवा.

आणि ओबामा-ट्रंप म्हणताय ते फक्त बॅगेपुरतं. मूळ बंदी 1996च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने पक्की झाली आहे, ती उठवायची तर काँग्रेसलाच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेलाच, उठवावी लागेल.

एडिसनचे मामा
तुमच्या मित्राबद्दल मनापासून वाईट वाटतं, उपरोध नाही. पण साठ वर्षांत या बंदीने त्याच्या आजोबांचं दुकान परत मिळवून दिलं का? सरकार तर तेच आहे. संयुक्त राष्ट्रांत 1992पासून जवळपास दरवर्षी या बंदीविरुद्ध ठराव होतो आणि भारतही बंदीच्या विरोधातच मत देतो. शिक्षा कॅस्ट्रोला आणि फटका क्युबात पिनार देल रिओला तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला, हा कुठला न्याय?

हिशेबनीस
फायदा झाला नाही म्हणता, मग निकाराग्वातलं सिगारचं गाव एस्तेली बघा. देश सोडून गेलेल्यांनी क्युबाचं बी निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेलं. आज अमेरिकेतल्या दुकानात चांगली म्हणून जी सिगार मिळते ती बहुतेक याच देशांची. ‘माँटेक्रिस्टो’ही मिळते, फक्त डॉमिनिकन. बंदी नसती तर हे उभंच राहिलं नसतं. आणि गंमत म्हणजे 1985 ते 1990 निकाराग्वावरही रेगन यांची बंदी होती. तेव्हाचा कुणी ओढणारा ‘निकाराग्वाची मिळायला हवी’ म्हणून उसासे टाकत असेल. आज ती सहज मिळते, तर भाचेबुवांना ती नको.

एडिसनचे मामा
हे शेवटचं मात्र मान्य. त्याला विचारलं होतं, एस्तेलीची आणून देऊ का? म्हणाला, ती काय, कुणीही ओढतं.

दातकोरणं
ठाण्यात दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे क्युबापेक्षा मला तुमच्या ‘शिकवणी’वर बोलायचंय. ‘धूर छातीत न्यायचा नाही’ हा सल्ला वाचून लोकांना वाटतं, सुटलो. अहो, सिगारचा धूर क्षारधर्मी असतो, निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. म्हणूनच न गिळता डोकं गरगरतं. मोठ्या सिगारमध्ये 5 ते 20 ग्रॅम तंबाखू असते, सिगारेटमध्ये एक ग्रॅमही नसते. तोंड, घसा, अन्ननलिका, स्वरयंत्र, या सगळ्या ठिकाणच्या कर्करोगाशी रोजच्या सिगारचा संबंध अमेरिकेच्याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1998मध्ये सविस्तर मांडून ठेवला आहे.

माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांत सिगारवाले थोडे, गुटखा-मशेरीवालेच जास्त. पण गालाच्या आतला पांढरा चट्टा ब्रँड विचारून येत नाही. आरसा हातात देऊन दाखवते तेव्हा सगळ्यांचं वाक्य एकच असतं, ‘डॉक्टर, मी फार नाही खात हो.’ चोविशीच्या मुलाने ‘सुरुवात कुठून करू’ विचारलं तर उत्तर ‘करू नकोस’ एवढंच. भर घालायची होती ना? घातली.

एडिसनचे मामा
डॉक्टर, तुमचं बरोबर आहे. पण ‘करू नकोस’ म्हटलं की तो मला विचारायचं थांबतो आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारतो. महाराष्ट्रात गुटखा 2012पासून बंद आहे. तुमच्या खुर्चीत तो येतो कुठून मग?

दातकोरणं
टपरीवरून येतो, चोरून, आणि पूर्वीपेक्षा महाग. याचा अर्थ बंदी धड राबवत नाहीत, बंदी चूक असा नाही. तुम्ही रोगाचं औषध सोडून रोगाला पोटभर जेवू घालताय.

सिन्नरची सून
तुमची मेजवानी चालू द्या, मी जरा विडीचं बोलते. चिरूट म्हणजे साहेबाची विडीच की. माझ्या सासूबाई सिन्नरला तीस वर्षं विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा. ओलवलेलं तेंदूचं पान लोखंडी फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमटीभर जर्दा, एक वळसा, बोटाने तोंड मुडपायचं, दोरा. हजाराच्या हिशेबाने मजुरी. संध्याकाळी कारखान्यात गेलं की वाईट म्हणून मूठभर बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत. त्या काढलेल्या विड्यांचं पुढे काय होई, हे सासूबाईंनी कधी विचारलं नाही, मी विचारलं तर हसल्या. त्यांच्या अंगठ्याच्या नखाला आजही पिवळी कड आहे.

तर निर्बंधांचं. नोव्हेंबर 1999मध्ये अमेरिकेच्या कस्टमने कर्नाटकातल्या एका मोठ्या कंपनीच्या विड्या अडवल्या, कारण दिलं मुलांची वेठबिगारी. त्या बंदीला मी नावं ठेवणार नाही. आमच्या गल्लीत शाळेतून आलेल्या मुली आईशेजारी बसून दोरा बांधताना मी पाहिल्यात. तिथे बंदी पान वळणाऱ्या हाताकडे बघून घातली होती. क्युबाच्या बंदीत हात कुणाचा हे कुणी बघितलंय? आणि 2009मध्ये त्याच अमेरिकेने लवंगेच्या सिगारेटी बंद केल्या, आरोग्यासाठी म्हणे, पण मेंथॉल चालू ठेवलं. लवंगेची इंडोनेशियातून यायची, मेंथॉल घरचं. इंडोनेशिया जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि 2012मध्ये जिंकला. मामा आणि हिशेबनीस, दोघांनीही आपापल्या बंदीचं सोवळं जरा बाजूला ठेवा.

हिशेबनीस
ताई, लवंगेच्या मुद्द्यावर उत्तर नाही माझ्याकडे. विड्यांचं वाचून गप्प झालो.

पेठेतला
आमच्याकडे क्युबन सिगारला राजकीय बंदी नाही. परदेशातून येताना 25 सिगारी शुल्काशिवाय आणता येतात. दुकानात घ्यायला गेलं तर कर भरता भरता धूर निघतो. पेटीवर 85 टक्के जागेत सडलेल्या तोंडाचा फोटो, पण दुकानदार एकेक सुटी काढून देतो, त्यामुळे फोटो त्याच्याकडेच राहतो.

राखदाणी
मामा, एक शंका. पेटीचं झाकण लाकडी होतं की काचेचं?

एडिसनचे मामा
थांबा, त्याने फोटो पाठवला होता. काचेचं. आतल्या सिगारी बाहेरून दिसतात, छान आहे.

राखदाणी
मग नकली. कोहीबा काचेच्या झाकणाच्या पेटीत हवानाहून कधी येत नाही. कॅरिबियन किनाऱ्यावर विकणाऱ्यांची ही जुनी चाल आहे. आत कुठल्या पानांचा चुरा असेल सांगता येत नाही. पोराने ओढली नाही हे बरंच झालं. कस्टमवाल्यांचे आभार माना.

दातकोरणं
पहिल्यांदाच या धाग्यावर कुणाशी तरी सहमत.

एडिसनचे मामा
भाच्याला आत्ताच फोन करून सांगितलं. दोन मिनिटं शांत. मग म्हणाला, ‘मामा, म्हणजे त्या क्युबाच्या नव्हत्याच. मग क्युबाचा माल म्हणून जप्त कशा केल्या?’

हिशेबनीस
नकली छाप म्हणूनही जप्त होतातच, सांगा त्याला. फक्त छाप कुणाची, ते विचारू नका म्हणावं. अमेरिकेत कोहीबा हे नाव 1981पासून एका अमेरिकन कंपनीच्या नावावर नोंदलेलं होतं, क्युबावाले वर्षानुवर्षं भांडत राहिले, आणि डिसेंबर 2022मध्ये ट्रेडमार्क मंडळाने ती नोंद रद्द ठरवल्यावर कंपनी कोर्टात गेली.