सायलेंट लूप: एकच जाड ३६० की दोन पातळ रॅड?

पुणेकर_लूप
७८००एक्स३डी (प्रोसेसर) आणि आरटीएक्स ४०८० (ग्राफिक्स कार्ड) एकाच कस्टम लूपमध्ये, म्हणजे पाण्याने थंड करायच्या जोडणीत, घ्यायचे आहेत. केसमध्ये पुढे ४२० मिमीचा रॅड (रेडिएटर, १४०चे तीन पंखे) बसतो, वर ३६०चा (१२०चे तीन). गेम चालू असतानाही पंखे ७०० आरपीएमच्या वर जायला नकोत. मे महिन्यात खोली ३४ अंश, एसी नाही. ६० मिमी जाडीचा एकच ३६० पुरेल का?

निवांत_पंखा
नाही पुरणार. गेममध्ये ४०८० तीनशेच्या आसपास, प्रोसेसर ७०-८०, वर पंप. ४०० वॅट धरा. पाणी खोलीपेक्षा १० अंश वर राहील या बेताने ७०० आरपीएमला १२०च्या एका पंख्यामागे ढोबळमानाने ५० वॅट निघतात, १४०च्या मागे ६५. दोन्ही रॅड लावलेत तर पाणी खोलीच्या १२ अंश वर, म्हणजे मे महिन्यात ४६ला थांबेल. एकट्या ३६०वर तेच साठीच्या घरात जातं. डी५ पंपाची मर्यादा ६०च आहे, आणि पीईटीजीची (कडक प्लॅस्टिकची) नळी तोवर फिटिंगपाशी मऊ पडायला लागते.

जाडीच्या मोहात पडू नका. हवा इतकी सावकाश जाते की अर्ध्या वाटेतच ती पाण्याइतकी तापते, पुढचे मिमी नुसतं ओझं. ३० मिमीचे दोन घ्या. जाड घ्यायचाच तर फिन्स (धातूच्या पातळ पट्ट्या) विरळ हव्यात, ९-१० एफपीआय (एका इंचात इतक्या फिन्स). पातळ असेल तर १६ही चालून जातो. ब्लॅक आइस नेमेसिस जीटीएस हा रॅड तसाच आहे.

स्क्रू_ड्रायव्हर
वरच्या रॅडसाठी ३० अधिक पंख्याचे २५ असे ५५ मिमी मोकळे आहेत का ते रॅमच्या हीटस्प्रेडरपासून मोजा. ४५ मिमीचा रॅड बहुतेकदा तिथेच अडतो.

स्क्रू ३० मिमीचेच वापरा. पंख्यात स्क्रू घालून टोक किती बाहेर येतं ते पट्टीने बघा: ५ मिमी ठीक. ३५चा स्क्रू थेट पाण्याच्या ट्यूबमध्ये घुसतो, आणि भोक लीक टेस्ट होईपर्यंत दिसत नाही. काही रॅडमध्ये भोकांखाली पत्रा असतो, सगळ्यांत नसतो.

नवा रॅड गरम पाण्याने अर्धा भरून दोन मिनिटं खळखळवा आणि पाणी पांढऱ्या मलमलीवर ओता. काळे कण, फ्लक्सचा (सोल्डरिंगच्या रसायनाचा) चिकटा दिसायचा थांबेपर्यंत हेच. शेवटचं पाणी डिस्टिल्ड. नळाचं आत राहिलं तर क्षार बसतात. आणि अॅल्युमिनियमचा रॅड तांब्याच्या ब्लॉकसोबत (चिपवर बसणारा भाग) अजिबात नको, गंजून आत गाळ होतो.

पुणेकर_लूप
दोन्ही रॅड इनटेक (बाहेरची हवा आत घेणारे) ठेवू का?

निवांत_पंखा
हो. वरचा एक्झॉस्ट केलात तर त्याला पुढच्या रॅडने तापवलेली हवा मिळते. दोन्ही आत, मागचा एक पंखा बाहेर. मदरबोर्डचे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) आणि एसएसडी थोडे जास्त तापतील, तेवढ्यावर लक्ष ठेवा. वरही जाळी लावा, नाहीतर धूळ थेट फिन्समध्ये.

घूं_घूं
पंख्यांचा कर्व्ह (किती तापमानाला किती वेग) सीपीयूवर लावू नका. ब्राउझर उघडला की सीपीयू क्षणभर २० अंश उसळतो, पंखे उगाच ओरडतात. १० के चा (१० किलोओहमचा) तापमान सेन्सर लूपमध्ये टाकून कर्व्ह पाण्यावर लावा. ४० पर्यंत ५०० आरपीएम, ४६ला ७००. यानंतर जो आवाज उरेल तो पंपाचा. डी५ निम्म्या वेगावर आणा आणि खाली स्पंजची गादी द्या. केसच्या पत्र्याला थेट कसलात तर पत्राच गुणगुणतो.