गावात व्याख्यानमाला सुरू करायचीय, मदत हवी आहे

मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयातर्फे यंदा उन्हाळ्यात तीन दिवसांची व्याख्यानमाला करायचं चाललंय. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, मग आपल्याकडे तीन संध्याकाळी तरी व्हायलाच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

पहिलं भाषण देवळामागच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मारकदगडांवर, ठेवायचंय, शेंदूर थापून थापून कोरीवकाम दिसेनासं झालंय, पोरं त्यावर बसून मोबाईल बघतात पण खालच्या चौकटीत लढाई आहे आणि सगळ्यात वर तो वीर शिवलिंगाची पूजा करतोय हे त्यांना कुणी दाखवलंच नाही हो. शेवटच्या दिवशी प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' पडद्यावर लावायचा. सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षांनी संपतो म्हणजे हक्कांची अडचण नसावी, पण मोठ्या पडद्यावर नीट दिसेल आणि अभंग स्वच्छ ऐकू येतील अशी कॉपी कुठे मिळेल?

आणि वक्त्यांना मानधन साधारण किती देतात? स्पीकरची परवानगी पोलीस स्टेशनला किती दिवस आधी मागायची? बायकांना स्वयंपाक आटपून येता यावं म्हणून साडेआठची वेळ ठरवतोय, ती चालेल का? ज्यांनी गावात असं काही केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.