पोर्ट करण्याआधी स्वस्तातल्या नेटवर्कची रेंज आणि स्पीड कसा तपासायचा? (धायरी-नऱ्हे)

धायरीफाटा
नमस्कार मंडळी. घरात चार नंबर आहेत, चारही एकाच महागड्या कंपनीचे. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हापासून दर रिचार्जला आमच्याकडे बैठक भरते. आता नंबर तेच ठेवून एका स्वस्त कंपनीत जायचा, म्हणजे पोर्ट करायचा, विचार आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धाग्याचा आखाडा होतो आणि मूळ प्रश्न कडेला राहतो.

वापर असा: नवऱ्याचं आठवड्यातून काही दिवस घरून काम, म्हणजे व्हिडिओ कॉल. मी स्वारगेटहून मेट्रोने सिव्हिल कोर्टापर्यंत जाते. सासूबाई बराच काळ वेल्ह्याकडे गावी असतात. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, तिन्ही बाजूंनी इमारती. दुकानदार म्हणतो "फुल रेंज आहे, बिनधास्त घ्या". शेजारी म्हणतात "चुकूनही जाऊ नका". कोणाचं ऐकू?

पेठेतला_प्राणी
दोघांचंही नाही. दुकानदाराला सिम विकायचंय आणि शेजाऱ्यांना तुमचं वायफाय बंद झालेलं बघायचंय.

आरएफवाला
वरचा प्रतिसाद सोडा (पण चूक नाही). मी टॉवर आणि ड्राइव्ह टेस्टच्या (गाडीतून फिरत नेटवर्क मोजायच्या) कामात आहे, जरा सविस्तर लिहितो.

आधी घरबसल्या होणारं काम. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. २जी, ३जी, ४जी, ५जी यांपैकी जे काही ती देते, ते वेगवेगळं दाखवायचं. तो उघडा, पण रंग बघून खूश होऊ नका. नकाशा तुमच्या गल्लीचा असतो, तुमच्या आतल्या खोलीचा नाही. त्यापेक्षा दूरसंचार विभागाचं तरंग संचार पोर्टल बघा. तिथे आसपासचे टॉवर, त्यावर कुठल्या कंपन्या आणि कुठलं तंत्रज्ञान, हे दिसतं. सेलमॅपर नावाचं अ‍ॅपही आहे. त्यातली माहिती लोकांच्या फोनमधून गोळा झालेली असते, त्यामुळे कोथरूड-बाणेरला गच्च आणि वेल्ह्याकडे विरळ दिसली तर नवल नाही.

यावरून एवढंच कळेल की प्रयत्न करण्यात अर्थ आहे का. पुढचं सगळं सिम हातात घेऊनच करावं लागतं. म्हणून त्या कंपनीचं नवीन नंबरचं, सगळ्यात स्वस्त पॅकचं एक सिम घ्या आणि फोनच्या दुसऱ्या खाचेत टाका. जुना नंबर जागचा हलवू नका.

आता बघायचं काय? स्क्रीनवरच्या सिग्नलच्या काड्या बघू नका. किती सिग्नलला किती काड्या, हे प्रत्येक फोन आपल्या मर्जीने ठरवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे उणे आकड्यात डीबीएम, म्हणजे सिग्नलच्या जोराचं माप, दिसतात. नेटमॉन्स्टर अ‍ॅप घेतलं तर आणखी नीट. त्यात आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलचा जोर) बघा. उणे ९० किंवा त्याहून बरा, म्हणजे शून्याच्या जवळ, असेल तर उत्तम, उणे १०५ पर्यंत निभतं, उणे ११५ च्या खाली गेला की कॉल तुटायला लागतात.

पण खरी मेख पुढे आहे. सिग्नल जोरदार असूनही नेट रडतं, कारण आवाज मोठा असणं वेगळं आणि समजणं वेगळं. मंगल कार्यालयात पंगत बसली असताना शेजारचा ओरडून बोलतोय, ऐकू येतंय, पण कळत नाहीये, तसं. ते कळण्याचं माप म्हणजे एसआयएनआर. १० च्या वर असेल तर छान, शून्याच्या खाली गेला तर काड्या पूर्ण असल्या तरी उपयोग नाही. सिंहगड रस्त्यासारख्या दाट वस्तीत, जिथे एकाच खोलीत तीन-चार टॉवरचे सिग्नल घुसतात, तिथे हे हमखास होतं.

धायरीफाटा
बापरे, एवढं कोणी आजवर सांगितलंच नव्हतं. स्पीड टेस्ट कधी करायची? सकाळी की रात्री?

आरएफवाला
रात्री ९ ते ११. सकाळी सहाला धायरीत कुठलंही सिम पळतं. टॉवरच्या एका सेक्टरची (एका दिशेच्या भागाची) क्षमता त्या वेळी जोडलेल्या सगळ्यांत वाटली जाते, आणि रात्री जेवणं झाली की सगळी सोसायटी एकदम व्हिडिओ लावते. त्या वेळी जो आकडा येईल तो तुमचा खरा स्पीड, बाकीचे जाहिरातीतले.

डाउनलोडच्या आकड्याला फार भाव देऊ नका. समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलला दीड-दोन एमबीपीएस दोन्ही बाजूंनी टिकून मिळाले तरी चालतं. पण ते टिकले पाहिजेत. म्हणून अपलोड बघा, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) बघा, आणि पिंग किती वरखाली होतो ते बघा. एकदा ४० आणि पुढच्या सेकंदाला ४०० मिलिसेकंद असेल तर आवाज तुटणारच. ट्रायचं मायस्पीड अ‍ॅप वापरा, जोडीला फास्ट डॉट कॉम. काही चाचण्यांचा सर्व्हर कंपनीच्याच नेटवर्कमध्ये असतो, तिथे आकडा देखणा येतो.

सगळ्यात चांगली टेस्ट म्हणजे हॉटस्पॉट लावून नवऱ्याला एक खरी मीटिंग त्यावर करू द्या. (साहेबांबरोबरची नको.)

गणित_मास्तर
एक भर घालतो. स्पीड टेस्ट फुकट नसते. ३०० एमबीपीएस स्पीड १० सेकंद चालला तर ३००० मेगाबिट, म्हणजे ३७५ एमबी गेले. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये अशा चार टेस्ट केल्या की दिवसाचा कोटा संपला. त्यापुढचा वेग जिओच्या बऱ्याच पॅकमध्ये ६४ केबीपीएस आणि बीएसएनएलच्या पॅकमध्ये ४० केबीपीएस असा लिहिलेला असतो. आपल्याकडे २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात, त्यावरून अंदाज करा. लोक कोटा संपल्यावर टेस्ट करतात आणि नेटवर्कला शिव्या घालतात.

नांदेड_फाट्याची_काकू
आमच्या सोसायटीत गच्चीवर टॉवर नको म्हणून सह्यांची मोहीम झाली होती. टॉवर गेला. आता तेच सभासद लिफ्टजवळ उभे राहून फोनवर "हॅलो, हॅलो" करतात आणि सचिवांना पत्र देतात की रेंजचं काहीतरी करा. किरणांची भीती असेल त्यांनी तरंग संचारवरच मोजणीची मागणी करावी, ४००० रुपये भरले की अधिकृत मोजणी होते. ही माहिती सभेत सांगितली तेव्हा कोणी ऐकली नाही, इथे तरी ऐका.

पानशेतकर
गावाकडचं मी सांगतो. खडकवासल्याच्या पुढे डोंगर सुरू झाले की शहरातली सगळी गणितं बदलतात. तिथे कमी फ्रिक्वेन्सी कामाला येते, ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झवाली. ती लांब जाते आणि भिंतीतूनही बरी शिरते. २३०० किंवा ५जीचा ३३०० शहरात वेग देतात, पण दोन भिंती आल्या की दमतात. धायरीफाटा ताई, बाल्कनीत स्पीड आणि आतल्या खोलीत बोंब होण्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं.

सासूबाईंचा फोन कुठला आहे ते आधी बघा. बीएसएनएलचं ४जी ७०० म्हणजे बँड २८ आणि २१०० म्हणजे बँड १ वर आहे. बऱ्याच जुन्या फोनमध्ये बँड २८ नसतो. मग टॉवर समोर असून फोनला दिसत नाही आणि लोक म्हणतात नेटवर्कच नाही. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं, आणि त्यांच्याकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टे (४जीवरून कॉलची सोय) नसलेला फोन तिथे साध्या कॉललाही निरुपयोगी. फोनच्या मॉडेलचं नाव टाकून बँडची यादी शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि गावी रेंज बघायला पावसाळ्यात, वीज गेलेली असताना जा. टॉवरच्या बॅटऱ्या दमल्या की रेंजही जाते. ही परीक्षा कुठलाच नकाशा घेत नाही.

धायरीफाटा
सगळ्यांचे आभार. दुसरं सिम घेतलं. आज रात्रीचे आकडे: हॉलमध्ये उणे ९६, आतल्या खोलीत उणे ११३, एसआयएनआर हॉलमध्ये १२ आणि आत २. डाउनलोड हॉलमध्ये १४ एमबीपीएस, आत ३. नवरा म्हणतो "मी हॉलमध्ये बसेन", पण हॉलमध्ये टीव्ही आहे आणि टीव्हीसमोर सासरे आहेत. 🙂

मेट्रोत मात्र मंडई ते स्वारगेट दरम्यान फार चाचपडावं लागलं.

आरएफवाला
भुयारातली रेंज वरच्या टॉवरची नसते, आत वेगळी अँटेना बसवावी लागतात. त्यामुळे धायरीचा निष्कर्ष तिथे लावू नका आणि तिथला धायरीत लावू नका. तेवढ्या पट्ट्यासाठी कंपनी बदलायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तर म्हणेन पुस्तक वाचा.

आतल्या खोलीचा एसआयएनआरचा २ हा आकडा नवऱ्याच्या कामाला पुरणार नाही. घरी वायर्ड ब्रॉडबँड असेल आणि नवी कंपनी तुमच्या फोनवर वायफाय कॉलिंग देत असेल, तर तो प्रश्नच मिटतो.

धायरीफाटा
ब्रॉडबँड आहे. वायफाय कॉलिंगचं विचारते. मग नवऱ्याचा नंबर तूर्त जुन्या कंपनीतच राहू दे आणि माझा व सासऱ्यांचा पोर्ट करावा, असं वाटतंय. सासूबाईंचं गावी जाऊन बघेन. पोर्टमध्ये काही फसगत होते का?

पोर्ट_पारंगत
- PORT ऐवजी मराठीत लिहून चालत नाही, इंग्रजी अक्षरांत पोर्ट, मग एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० ला. कोड येतो, महाराष्ट्रात तो ४ दिवस चालतो.
- एकदा पोर्ट केल्यावर ९० दिवस पुन्हा हलता येत नाही. म्हणून आधी दुसरं सिम, मग पोर्ट, हा क्रम बरोबर आहे.
- सिम हरवून किंवा खराब होऊन बदललं असेल तर ७ दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. हा नियम जुलै २०२४ पासून आहे.
- जुन्या नंबरचा शिल्लक बॅलन्स आणि पॅक सोबत येत नाही. पॅक संपत आला की अर्ज टाका.

चाचणीचं सिम वेगळं आणि पोर्टचं वेगळं, हे दुकानात ठासून सांगा. काही जण चाचणीच्याच सिमवर जुना नंबर येईल अशा समजुतीत बसून राहतात.

पेठेतला_प्राणी
सासऱ्यांना विचारलंत का?

धायरीफाटा
विचारलं. "क्रिकेट अडकलं तर तुझ्या फोनवर बघेन" म्हणाले. म्हणून आधी माझाच नंबर पोर्ट करते, त्यांचा मॅच नसेल त्या आठवड्यात.

वारजे_माळवाडी
ताई, वारज्यात कालव्याच्या बाजूला कोणी अशी मोजणी केली आहे का? आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

आरएफवाला
वेगळा धागा काढा आणि त्यात फोनचं मॉडेल, मजला आणि रात्री दहाचे आकडे आधी लिहा. नुसतं "रेंज कशी आहे" विचारलंत तर पेठेतला प्राणी येईल.